घरोघरी विज्ञान : उष्णतेला उतार लागतो



उन्हाळा तोंडावर आला की घराघरांतून ठरलेले प्रश्न निघतात. विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार कसे लागते? डोंगरावर चढले की माणूस सूर्याच्या जवळ जातो, मग तिथे थंडी का? माठातले पाणी नागपूरला गार होते, मुंबईला का होत नाही? आणि पत्र्याच्या घरात दुपारी लेकरू का किरकिरते? वरवर पाहता हे चार वेगळे प्रश्न आहेत, पण चौघांचे मूळ एकच आहे. त्यातला शेवटचा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून आज सर्वांत जास्त जागा त्यालाच देणार आहे.

पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. उष्णतेचेही तसेच आहे. ती जास्त तापलेल्या जागेकडून कमी तापलेल्या जागेकडे जाते. उलट दिशेने ती आपण होऊन कधीच जात नाही; फ्रीजमध्ये तिला उलट नेतात, पण त्यासाठी विजेचे बिल भरावे लागते. दोन ठिकाणच्या तापमानात फरक जेवढा मोठा आणि त्यांच्यातले अंतर जेवढे कमी, तेवढा हा उतार उभा. उतार उभा असला की उष्णता धावते, सपाट झाला की थांबते. शाळेच्या पुस्तकात याला तापमान-प्रवणता असे जड नाव आहे. आपण उतारच म्हणू.

घरात पाहायचे असेल तर उकळता चहा कपात ओतून ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत तो भराभर उतरतो, कारण चहा आणि हवा यांच्यात मोठा फरक असतो. पुढे कोमट झाल्यावर तोच चहा निवायला बराच वेळ घेतो. फरक कमी झाला, उतार मावळला.

दुसरी गंमत सकाळी पाहा. रात्रभर एकाच खोलीत राहिलेले स्टीलचे ताट आणि लाकडी पाट यांना हात लावा. ताट गार लागते, पाट लागत नाही. प्रत्यक्षात दोघांचे तापमान सारखेच असते. फरक एवढाच, की स्टील हाताची उष्णता झटकन ओढून घेते आणि लाकूड घेत नाही. आपला हात तापमान मोजत नाही, तर उष्णता किती वेगाने येते किंवा जाते ते सांगतो. म्हणून पोराच्या कपाळाला हात लावून ताप ओळखणाऱ्या आईचा स्वतःचा हात नुकताच थंड पाण्यातून निघाला असेल, तर तिला नसलेला तापही जाणवेल. पाच-पंचवीस भांडी धुऊन आलेल्या बाईने हात पुसून थोडा वेळ थांबावे, आणि जमेल तर घरात तापमापी ठेवावी.

आता विहीर घ्या. जमिनीच्या वरच्या कातडीला दिवसा ऊन लागते, रात्री ती निवते. पण माती उष्णता सावकाश पुढे सरकवते. दिवसा आत निघालेली उष्णता थोडी खाली पोचते न पोचते, तोच रात्र होते आणि उतार उलटा फिरतो. ती पुन्हा वर निघते. त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक दोन-तीन फुटांखाली विरून जातो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक अधिक खोल जातो, पण तीस-चाळीस फुटांवर त्याचाही जवळजवळ मागमूस राहत नाही. तिथे वर्षभर एकच तापमान असते, त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीच्या आसपासचे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते २५ ते २८ अंश सेल्सिअस भरते. पौषात सकाळी हवा १२ अंशांवर असताना हे पाणी कोमट लागते, वैशाखात ४२ अंशांच्या उन्हातून आलेल्याला तेच गार लागते. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. मातीच्या जाड भिंतींचे जुने घर दुपारी गार का, याचे उत्तरही यातच आहे. बाहेरची उष्णता भिंतीतून आत पोचेपर्यंत काही तास निघून जातात आणि तोवर ऊन उतरलेले असते.

पत्र्याला ही सवड नसते.

पत्रा पातळ असतो. सूर्य वर आला की थोड्याच वेळात तो पूर्ण तापतो. भर दुपारी गंजलेला, काळपट पडलेला पत्रा ६० अंशांच्या पलीकडे जातो; त्यावर हात टेकवत नाही, हे कौले-पत्रे शाकारणाऱ्याला विचारा. खालच्या माणसाला त्याचा त्रास दोन वाटांनी होतो. एक वाट हवेची. पत्र्याला लागलेली हवा तापते, हलकी होते आणि वरच कोंडून राहते, त्यामुळे खोलीत खालून वर असा एक उभा उतार तयार होतो. जमिनीजवळ हवा त्यातल्या त्यात गार, डोक्याशी गरम, आणि पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर तर भट्टी. दुसरी वाट झळईची. चुलीसमोर बसले की मधली हवा गार असली तरी तोंड भाजते ना? तसाच तापलेला पत्रा खाली झळई फेकतो. ती हवेवर अवलंबून नसते. पंख्याने ती उडत नाही. पत्र्याखाली तळहात वर करून धरा आणि मग मध्ये पुठ्ठा आडवा घाला. हाताला तत्काळ फरक कळेल.

हे कळले की पुढच्या काही गोष्टी आपोआप कळतात. मोलमजुरीला जाणारी माय लेकराची झोळी आढ्याच्या बांबूला बांधते. खाली मुंग्या, विंचू, उंदीर, म्हणून उंच बांधते. तिचे चुकत नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी खोलीतली सर्वांत वाईट जागा तीच असते. तान्ह्या मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. त्याला घामही आपल्याइतका येत नाही, आणि तहान लागली हे सांगता येत नाही. तेव्हा निदान ११ ते ५ या वेळात झोळीची दोरी लांब करून ती गुडघ्याएवढ्या उंचीवर आणावी, किंवा लेकराला फरशीवर ओल्या फडक्याने पुसलेल्या जागी चटईवर निजवावे आणि कोणीतरी जवळ बसावे. झोळीचे जाड लुगडे चारी बाजूंनी लपेटू नये. वारा लागू द्यावा.

पोटमाळ्याचेही तसेच. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत शांतपणे अभ्यास करायला पोराला तेवढीच जागा असते. पण परीक्षेच्या दिवसांत दुपारी पोटमाळ्यावर बसलेला मुलगा झोपाळतो, डोके धरून बसतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. त्याला खाली बोलवा. पोटमाळा रात्री दहानंतर आणि पहाटे वापरावा. पत्रा जसा लवकर तापतो तसा लवकर निवतोही. रात्री तो आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतो. स्लॅबच्या घराची गोष्ट वेगळी. सिमेंटचा जाड स्लॅब दिवसभर उष्णता पोटात साठवतो आणि संध्याकाळनंतर सावकाश खाली सोडत बसतो. म्हणून ‘आमचं घर पक्कं झालं, पण रात्री झोप येत नाही’ ही तक्रार खोटी नाही. स्लॅबवर संध्याकाळी पाण्याच्या चार बादल्या मारतात त्याचा उपयोग होतो, पण ज्या वस्तीत हंड्यासाठी रांग लागते तिथे हा सल्ला देणे बरे दिसत नाही.

त्यापेक्षा छप्पर तापूच नये अशी व्यवस्था स्वस्त पडते. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा ते गिळतो. अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये उष्णतेची भयंकर लाट आली. तिथला पारा ४६ अंशांच्या वर गेला. नंतर अभ्यासकांनी मृत्यूच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसे जास्त मेल्याचे आढळले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला, आणि पुढे वस्त्यांमधली छपरे चुन्याने पांढरी करण्याचे काम हाती घेतले. यात मोठे यंत्र नाही, परदेशी माल नाही. चुना आहे.

घरी करायचे तर असे करा. कळीचा चुना मोठ्या भांड्यात आदल्या दिवशी विरवायला ठेवा. तो पाण्यात पडताच उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवा, भांडे प्लास्टिकचे घेऊ नका आणि स्वतःचे डोळे सांभाळा. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी तो गाळून त्यात थोडा डिंक किंवा लाकूडकामाचा पांढरा गोंद मिसळा आणि छप्पर झाडून दोन हात द्या. काम सकाळी लवकर उरका. तापलेल्या पत्र्यावर चुना धरत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो दिसतो भक्कम, पण माणसाच्या वजनाने फुटतो आणि दरवर्षी कितीतरी जण असे खाली पडतात. फळी आडवी टाकून तिच्यावर बसा. जुना सिमेंटचा पत्रा कोरडा घासू किंवा कापू नका, कारण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ फुप्फुसाला घातक असते. चुना पावसात धुपतो, तेव्हा दर फाल्गुनात हे पुन्हा करावे लागेल. होळीनंतरचा पहिला रविवार त्यासाठी बरा.

भाड्याचे घर असेल, मालक छपराला हात लावू देत नसेल, तर आतून एक आडोसा करता येतो. पत्र्याच्या खाली वीतभर मोकळी जागा सोडून बांबूची चटई, जुन्या साड्यांची गोधडी किंवा पुठ्ठे बांधायचे. झळई आडोशावर अडते. मात्र वीतभर सोडलेल्या जागेला दोन्ही टोकांना फट ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. कोंडली तर आडोसाच तापतो. चुलीच्या किंवा गॅसच्या वर काहीही बांधू नका. थर्मोकोल तर स्वयंपाकाच्या खोलीत नकोच, तो भडकन पेट घेतो. आढ्याजवळ भिंतीत एखादी वीट काढून झरोका करता आला तर गरम हवेला वाट मिळते. जुन्या घरांना धुराडे असायचे ते फक्त धुरासाठी नव्हते.

इथवर घराचे झाले. आता अंगाचे पाहू, कारण माणसाचे शरीरही एक शेगडीच आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार करत असतो. पाटी उचलणारा, हातगाडी ओढणारा त्याच्या तिप्पट-चौपट. ही उष्णता बाहेर टाकायला उतार हवा. कातडीचे तापमान ३४-३५ अंश असते. हवा २५ अंशांवर असली की दहा अंशांचा उतार मिळतो आणि आपल्याला बरे वाटते. हवा ३५ अंशांवर आली की उतार सपाट. आणि नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तशा दिवशी उतार उलटा होतो. हवाच अंगाला तापवते. अशा वेळी कोरड्या अंगावर पंख्याचा वारा घेणे म्हणजे भट्टीला भाता लावणे.

तेव्हा वाचवतो तो घाम. एक ग्रॅम पाणी वाळून वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे एक लिटर घाम अंगावर वाळला तर तेवढ्या उष्णतेने ५८ लिटर पाणी १० अंशांनी तापले असते. माठ हेच करतो. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि आतल्या पाण्याची उष्णता ओढते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात, मग तो गार करत नाही. काही हौशी मंडळी माठाला ऑइलपेंटने फुले-पाने काढतात. दिसायला छान, पण माठाचा श्वास कोंडला.

मात्र घाम वाळायलाही एक उतार लागतो, तो ओलाव्याचा. अंग ओले आणि हवा कोरडी असेल तरच वाफ निघून जाते. हवाच दमट असेल तर घाम नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग निवत नाही, फक्त पाणी आणि मीठ जाते. म्हणून माठ आणि वाळ्याचा कूलर विदर्भात चालतात, कोकणात आणि मुंबईत चालत नाहीत. (कूलरचे आले म्हणून सांगतो. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना आधी वायर सॉकेटातून काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका बसून उन्हाळ्यात घरे उजाडतात.)

दमट हवेची ही बाजू लोकांच्या ध्यानात येत नाही. ‘आमच्याकडे कुठे ४५ अंश होतं?’ असे किनाऱ्यावरचे लोक म्हणतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानात मोठा सरकारी कार्यक्रम झाला. लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसली. उष्माघाताने १४ जण दगावले. तिथला पारा त्या दिवशी नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यासारखा चढलेला नव्हता. ऊन डोक्यावर, हवा दमट, सावली नाही. दोन्ही उतार एकाच वेळी सपाट झाले की शरीराने काय करायचे? आपल्याही जयंतीच्या मिरवणुका एप्रिलमध्येच निघतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मंडप आणि पाण्याची सोय आधी पाहावी, लाऊडस्पीकर नंतर.

उष्माघात ओळखायचा कसा? माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो, ओळखत नाही, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. अंग चटका बसावा इतके तापते. पुष्कळदा घाम थांबलेला असतो, पण कष्टाचे काम करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो, हे लक्षात ठेवा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूला इजा होऊ लागते. इथे मिनिटांचा हिशोब आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचे राहत नाही. तो कांदा भाकरीसोबत खावा.

आता मोकळ्या हवेत येऊ. डोंगरावर थंडी का, हा मुलांचा आवडता प्रश्न. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यापुढे डोंगराचा एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही. ऊन हवेला फारसे तापवत नाही, ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर चढते तेव्हा वरचा दाब कमी असल्यामुळे ती फुगते, आणि फुगताना थंड होते. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप गरम होतो, आणि ट्यूबमधून सुटणारी हवा गार लागते, तोच प्रकार. सरासरीने दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश उतरतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, म्हणजे पायथ्याच्या कोकणापेक्षा तिथे नऊएक अंशांचा फरक पडायला हवा, आणि उन्हाळ्यात साधारण तसाच पडतो. साहेब लोक मे महिन्यात वर का पळत होते ते कळले. त्यांचे सामान डोक्यावरून वाहून नेणारे मात्र मोसम संपला की पुन्हा खाली.

हिवाळ्याच्या रात्री हा उतार उलटतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून भराभर निवते, तिला टेकलेली हवाही गार होते, आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. गार हवा जड, ती खालीच बसते. गरम हवा झाकणासारखी वर. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा पाच अंशांच्या खाली येतो, तेव्हा द्राक्षबागाईतदार पहाटे बागेला पाणी देतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात, ते या खाली साचलेल्या गारठ्यापासून घड वाचवण्यासाठी. वस्तीत संध्याकाळी चुलींचा धूर वर न जाता छपरांच्या पातळीवर आडवा पसरलेला दिसतो, तोही याच झाकणामुळे. दमा असलेल्या माणसाला पौषातली संध्याकाळ जड जाते, त्याचे हे एक कारण आहे.

या झाकणाचे सर्वांत भीषण रूप भोपाळने पाहिले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. थंडीची रात्र होती, वारा मंद होता आणि हवेचा उतार उलटा होता. हवेहून जड असलेला तो वायू वर जाऊन विरला नाही. जमिनीलगत सरकत तो कारखान्याला लागून असलेल्या वस्त्यांत शिरला, जिथे कष्टकरी माणसे फटी असलेल्या झोपड्यांत जमिनीवर निजली होती. हजारो माणसे मेली आणि लाखोंच्या डोळ्यांना, फुप्फुसांना इजा झाली. वायू कोणी सोडला हा न्यायालयाचा प्रश्न. पण त्या रात्रीची हवा कशी होती, हे गावातल्या प्रत्येक मुलाला समजण्यासारखे आहे. कारखान्याच्या भिंतीला खेटून घरे बांधायला कोणाला जागा मिळते आणि कोणाला डोंगरावर, हे मुलांना आपोआप कळेल.

वर जाताना थंडी, तर जमिनीत खोल गेल्यावर काय? मघाशी विहिरीच्या खोलीवर तापमान स्थिर असते असे सांगितले. त्याहून खूप खाली गेले की ते पुन्हा चढू लागते, कारण पृथ्वीचे पोट तापलेले आहे. पुष्कळ ठिकाणी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. पाऊस भेगांतून खोल मुरतो, तापतो आणि एखाद्या फटीतून वर येतो, तेच गरम पाण्याचे झरे. ठाणे-पालघरकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी, रायगडात पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरीत तुरळ, राजापूरचे उन्हाळे आणि खेड-दापोलीकडचे उन्हवरे, अशी कोकणात त्यांची ओळच आहे. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. त्यात हात घालू नये. पाण्यात गंधक असते, त्याचा वास येतो. नवस बोलायचा की नाही हे ज्याचे त्याने पाहावे, पाणी तापवणारा मात्र खडक आहे.

कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तिथला खडक जुना आणि घट्ट, त्यामुळे तापमानाची वाढ इतर ठिकाणांपेक्षा कमी. तरीही तळाशी खडक ६० अंशांच्या वर तापलेला असे. वरून थंड केलेली हवा खाली सोडावी लागे, तरच माणूस उभा राहू शके. खाली हवा दमट, घाम वाळत नसे. तिथे काम करणाऱ्यांत तमिळ बोलणाऱ्या दलित कामगारांची संख्या मोठी होती, आणि त्यांच्या वस्तीत बौद्ध विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पंडित अयोथी दास यांच्यामुळे पोचला होता. २००१ मध्ये खाण बंद झाली.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी या महिन्यात एक काम करावे. भिंतीवर टांगायची तापमापी घ्या; डॉक्टरी तापमापी नको, ती ४२ अंशांपुढे जात नाही आणि गरम जागी फुटते. दुपारी दोन वाजता ती चार ठिकाणी दहा-दहा मिनिटे ठेवायची: फरशीवर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, झोळी बांधता त्या जागी, आणि बाहेर झाडाच्या सावलीत. आकडे वहीत लिहायचे. छपराला चुना दिल्यावर आठवड्याने, तसेच ऊन असलेल्या दिवशी, पुन्हा लिहायचे. दोन्ही वेळचे आकडे पोस्टकार्डावर या सदराकडे पाठवा. सोबत छप्पर कसले आहे, खोलीची उंची किती आणि खिडकी आहे की नाही, तेवढे जरूर कळवा.